तांब्याचा गळा

आमच्या वेळी सोलापुरात दागिना दाखवत नसत, काढून देत. काचेच्या दुकानांत वाढलेल्या माणसाला यातला फरक कळायचा नाही, म्हणून आधी तो सांगतो. गिऱ्हाईक यायचं, चपला काढून गादीवर बसायचं, पाणी प्यायचं, जोंधळ्याचं काय, कापसाचं काय, असं बोलणं व्हायचं. मग शेठ विचारणार, "काय कार्य काढलंय?" लेकीचं लग्न म्हटलं की शेठ उठून आतल्या तिजोरीतून एकच डबी आणणार आणि लाल कपड्यावर उघडणार. नाही आवडलं तर ती मिटली, मग दुसरी. दोन डब्या एका वेळी उघड्या नाहीत. माल मांडून ठेवणं म्हणजे चोराला आणि नजरेला आवतण, असं सगळा सराफ बाजार मानायचा.

मी त्या गादीच्या कडेला, उंबऱ्याजवळ बसायचो. माझं काम गाठवायचं. सोनार मणी घडवतो, पण मण्यांची ठुशी होते ती गाठवणाऱ्याच्या हातात. रेशमाचा दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवून पीळ द्यायचा, मणी ओवायचे, मागं गोंडा बांधायचा. गाठ सैल पडली तर ठुशी गळ्यावर लोळते, घट्ट झाली तर कॉलरसारखी उभी राहते. माझी कधी लोळली नाही आणि कधी उभी राहिली नाही. हे फुशारकीनंच सांगतो, कारण पुढं फुशारकीला फार जागा नाही.

शाळा मराठी तिसरी. दिवाळी अंकवाल्यांनी म्हटलं, मल्लाप्पा, दुकानातले अनुभव लिहा. लिहितोय. ऱ्हस्व-दीर्घ नातीनं बघितलंय, बाकी माझं. माझी बायको नीलव्वा गेल्या मार्गशीर्षात गेली. ती असती तर मी हे लिहिलं नसतं. तिच्या डोळ्यांदेखत लिहायची छाती नव्हती.

गिरण्या जोरात होत्या आणि पेठेत विजेचे दिवे नवीन आले होते, तेव्हाची गोष्ट. समोरच्या सराफांनी रस्त्याकडच्या भिंतीत एक मोठी काच बसवली. आत मखमलीच्या पायऱ्या, पायऱ्यांवर दागिने, वर बल्ब. हे सगळं करायला त्यांनी मुंबईत राहून आलेला एक माणूस ठेवला. दत्तू त्याचं नाव. केसांचा भांग, मनगटाला घड्याळ, आणि काम झालं की रस्त्यावर येऊन कमरेवर हात ठेवून स्वतःच्या मांडणीकडं बघत उभा राहायचा. सगळी पेठ त्याच्याबरोबर बघायची. मीपण बघायचो, पण दोरा दातात धरून, खाली मान घालून.

एक दिवस नीलव्वा माझा डबा घेऊन आली. जाताना म्हणाली, "समोरच्यांचं लखलखतंय बघा."

एवढंच म्हणाली. मला ते पुरलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती, आणि माझी एक ठुशी लखलखते असं तिच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.

शेठही आतून जळत होते. महिन्याभरात त्यांनीही काच बसवली आणि मला म्हणाले, "मल्लाप्पा, तुझ्या हाताला माल ओळखीचा हाय. मांड. दत्तूपेक्षा वरचढ झालं पाहिजे." मला असं झालं की जन्माचं काम आज मिळालं. मी सुताराकडून पाच लाकडी गळे घडवून घेतले. खांद्यापासून हनुवटीच्या खालपर्यंत. मुंबईत असे असतात म्हणून मी ऐकलं होतं. स्वतः लाल मखमल चढवली, चुण्या पडू दिल्या नाहीत. एकाला ठुशी, एकाला बोरमाळ, एकाला मोहनमाळ, एकाला पुतळ्यांची माळ, आणि मधोमध सगळ्यांत उंच गळ्यात काळ्या मण्यांचं डोरलं. काम झाल्यावर रस्त्यावर जाऊन मीही कमरेवर हात ठेवले.

बायका यायच्या, थबकायच्या, आणि पुढं जायच्या. मोहोळकडची एक बाई, डोक्यावर पाटी, काचेपुढं उभी राहिली, तोंडावर पदर धरला आणि तरातरा समोरच्या दुकानात शिरली. आठ दिवस असं. लग्नसराईचं गिऱ्हाईक पायरी चढेना. शेठ नुसते गादीवर कूस बदलत होते.

घरी मी जेवताना मुंबईच्या पद्धती सांगत होतो. नीलव्वा भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "अवो, त्या गळ्यांवर मुंडकी न्हाईत."

"दाखवायच्या गळ्याला मुंडकं कशाला लागतं?"

"मुंडकं न्हाय म्हंजे कपाळ न्हाय. कपाळ न्हाय म्हंजे कुकू न्हाय. आन् त्याच्या गळ्यात डोरलं घातलंय तुमी! मुंडकं छाटलेलीच्या गळ्यातलं काढून कुठली आई लेकीला घालंल?"

"मुंबईच्या बायका घेतात."

"मग मुंबईला न्या की."

मला राग आला तो तिचं खोटं होतं म्हणून नाही. ती आठ दिवसांत दोनदाच त्या रस्त्यानं गेली होती, आणि मी रोज तिथं बसत होतो. तिला दिसलं, मला दिसलं नाही. तिचं माहेर अक्कलकोटच्या बाजूचं, घरात कानडी, बाहेर मराठी, शेजारी तेलुगू विणकरांची वस्ती. कुठली बाई गळ्यात काय बघते, हे तिला नळावर पाणी भरता भरता कळायचं. विणकरांच्या बाया मंगळसूत्रात दोन गोल पदकं शोधतात, धनगरांच्या बाया आधी चांदीचं वजन बघतात, आमच्या लिंगायतांतल्या बाया गळ्यातल्या लिंगाच्या डबीचं झाकण वाजवून बघतात. मी दागिने ओळखायचो. ती गळे ओळखायची.

मी दोन दिवस तोंड फुगवून बसलो. मग विचारलं, "मग करायचं काय?"

तिनं फळीवरचा तिच्या माहेरचा पितळेचा तांब्या काढला. चांगला पोटाचा, निमुळत्या गळ्याचा, तिच्या आजीच्या वेळचा. माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "ह्याला गळा हाय का न्हाय?"

"हाय."

"ह्याला मुंडकं न्हाय म्हणून कोण रडलंय का?"

वेळ अमावास्येला आमच्याकडं सगळं गाव शेतात जेवायला जातं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. सगळी पेठ बंद. मी शेठकडून किल्ली मागून घेतली. नीलव्वा त्या वर्षी माहेरच्या शेतावर गेली नाही. घरातलं काळं घोंगडं आणि चार तांबे पाटीत घालून ती माझ्याबरोबर दुकानात आली. तांब्यांतले तीन शेजारणींचे, एक तिचा. मखमल काढून तिनं मागं आणि खाली घोंगडं पसरायला लावलं. मी म्हटलं, सोन्याच्या दुकानात घोंगडं? ती म्हणाली, "घाला तर." काळ्या लोकरीवर सोनं ठेवलं तेव्हा मला कळलं. मखमलीवर सोनं मखमलीबरोबर मिरवतं. घोंगड्यावर एकटं सोनंच दिसतं.

सुपात शाळू पसरून त्यात बुगड्या आणि कानातली रोवली. चांदीचे वाळे नि तोडे अगदी खाली, कारण धनगरणी काचेपुढं उकिडव्या बसूनच बघतात. तांब्यांच्या पोटावर तिनं अनामिकेनं कुंकू लावलं आणि गळ्यात ठुशी, बोरमाळ, डोरलं. मग ती बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली, मी आत.

"खाली घ्या."

मी तांब्याखालचा पाट काढला.

"अजून खाली. डोक्यावर पाटी असली की बाईला मान वर करता येत न्हाय, खालीबी करता येत न्हाय. नुसती समोर बघती ती. हां. जरा उजवीकडं. बास."

आणि ती हसली. काचेतून माझ्याकडं बघून नाही, माझ्या अंगाबाहेर कुठंतरी बघून. असं हसलेली मी तिला कधी बघितली नव्हती. मी वाकून तिच्या पाठीमागं बघितलं तर समोरच्या सज्जात दत्तू उभा. त्याला शेत नव्हतं, तो कुठं जाणार? तिची पाठ त्याच्याकडं होती, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी बाहेर आलो, "कोणाकडं बघून हसतीस?"

"माझ्याकडं," ती म्हणाली. "हितं उभं राहून बघा."

मी उभा राहिलो. मला काही दिसलं नाही, नुसते तांबे. ती म्हणाली, "ताडासारखं उभं राहू नका, माझ्या उंचीला या." गुडघे मोडून खाली झालो, तेव्हा दिसलं. मागं काळं घोंगडं असल्यामुळं काचेत आरसा झाला होता. तांब्याच्या गळ्यात ठुशी, आणि बरोबर तिच्या वर माझं तोंड. मिशा आणि ठुशी. ती पोट धरून हसायला लागली. मला मात्र सज्जातला दत्तू हसतोय असंच वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी जी बाई आली, ती काचेपुढून हलेना. जी थांबली, तिच्या अंगावर ठुशी चढली, फुकट, रस्त्यात उभ्या उभ्या. मग ती पायरी चढायचीच. विणकरांच्या बाया दोघी-दोघी येऊन एकमेकींना बाजूला सारायच्या. सांगोल्याकडचा एक धनगर आत येऊन गादीवर ऐसपैस बसला आणि म्हणाला, "शेठ, त्यो माल केवढ्याला?" शेठनी विचारलं, कुठला, बोरमाळ? "बोरमाळ न्हाय वो. घोंगडं. लई झ्याक विणलंय." शेठ दिवसभर ही गोष्ट सांगत होते.

संध्याकाळी शेठनी मला विचारलं, "हे तुझ्या डोक्यातून निघालं?"

"व्हय," मी म्हटलं.

ते बाहेर गेले. काचेपुढं उभे राहिले, मग माझ्यासारखेच गुडघे मोडून खाली झाले, परत वर झाले. आत येऊन म्हणाले, "मल्लाप्पा, तू पावणेसहा फूट. ह्या काचेत तुझं तोंड कुटं दिसतंय? छपराला. ही मांडणी बाईच्या उंचीवर झालीय. कोण ती?"

मग सांगावं लागलं. शेठ रागावले नाहीत. वाईट गोष्ट हीच, की ते खूश झाले. म्हणाले, "तिला दुकानात घेऊन ये. संक्रांतीचा गड्डा भरतोय, गावोगावच्या बाया येतील. आतल्या बाजूला चटई टाकू. ती बायकांच्या गळ्यात घालून दाखवंल, तू गाठव. तिचा वेगळा पगार."

वाचणाऱ्याला वाटेल, मी आनंदानं घरी पळालो असेन. मी चालत गेलो, आणि सात रस्त्याच्या चौकापर्यंत उगाच लांबून गेलो. सगळी पेठ तिला बघणार. दत्तू सज्जातून बघणार. तेही एक वेळ सोसलं असतं. पण शेठ काहीही अडलं की "नीलव्वा, बघ गं" म्हणणार, आणि मी शेजारी अंगठ्यात दोरा अडकवून बसणार, हे मला सोसलं नाही. परपुरुषाचा मत्सर लोक समजून घेतात. स्वतःच्या बायकोच्या अकलेचा मत्सर कुणाला सांगायचा?

घरी ती वाटच बघत होती. "काय म्हणाले शेठ?"

"मांडणी आवडली."

"आन्?"

"आन् काय? म्हणाले, बाई मात्र दुकानात नको. गादीला बाट लागतो."

 ती कानडीत म्हणाली, "होगली बिडरी." म्हणजे, जाऊ द्या. आणि भाकरी वाढली.

शेठना मी सांगितलं, ती येणार नाही, आमच्यात बायका बाजारात बसत नाहीत. दोन वाक्यांत काम झालं. ठुशी गाठवायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

गड्डा भरला. सिद्धेश्वराच्या त्या यात्रेला गावोगावची माणसं येतात, पेठेत पाय ठेवायला जागा नसते. आणि समोरच्या दुकानात काय बघतो, तर आतल्या बाजूला चटई, चटईवर दत्तूची बायको कमळाबाई, हातात आरसा. येईल तिला जवळ बसवून गळ्यात घालून दाखवतेय, मागची गाठ बांधतेय, "आरशात बघा, वैनी," म्हणतेय. आमच्या काचेपुढं बाया थांबायच्या, आपलं तोंड ठुशीवर बघायच्या, आणि खरी ठुशी घालून बघायला समोर जायच्या. आमची मांडणी आणि त्यांची विक्री. शेठ माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी तुला आदी म्हटलं हुतं."

मी उंबऱ्यावरून बघतोय तर गर्दीत नीलव्वा. आमच्या काचेपुढं नाही. समोरच्या दारात, चवड्यांवर उभी राहून आत चटईकडं बघत होती. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, मान तेवढी दिसत होती.

घरी आल्यावर मी भांडं आपटलं. "त्यांना तू सांगितलंस!"

"व्हय. सांगितलं."

"दत्तूला?"

"दत्तूला कशाला? कमळाबाईला. नळावर तिनं इचारलं, तुमच्या काचेत ह्ये कुणी केलं. तुमी सांगू नका म्हणला न्हवता. मी म्हटलं, मी केलं. ती म्हणाली, अजून काय करता यील? मी म्हटलं, जित्या गळ्यावर घालून दाखवा. आमच्या शेठला बाईचा बाट लागतो, तुमच्या शेठला इचारून बघ."

"घरातली अक्कल दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकतीस?"

"तुमच्या शेठला नको हुती की," ती म्हणाली. "मग त्यांनी घेतली तर तुमचं काय गेलं?"

याचं उत्तर एकच होतं आणि ते खरं होतं, म्हणून मला देता आलं नाही.  तिनं माझ्याकडं बघितलं, आपटलेलं भांडं उचललं, पोचा आला का बघितला आणि फळीवर ठेवलं.

त्यानंतर तिनं मला दुकानाबद्दल एक शब्द सांगितला नाही. मी विचारायचो, या खेपेला श्रावणात काय मांडू? ती म्हणायची, "तुमास्नी कळतं की." मला कळत नव्हतं. मी तेच घोंगडं, तेच तांबे फिरवून फिरवून मांडत राहिलो. माझी म्हणून एकच युक्ती आहे, तेवढी लिहून ठेवतो. ओळीतला एक दागिना काढून जागा रिकामी सोडायची, फक्त रेशमाचा गोंडा तिथं पडू द्यायचा. बाईची नजर भरल्या जागेवर ठरत नाही, रिकाम्या जागेवर ठरते. "हितला कुणी नेला?" विचारतेच, आणि तसाच दुसरा मागते. ही नीलव्वाची नाही, माझी आहे. तिला मी मोठ्या ऐटीत सांगितली तेव्हा ती म्हणाली, "चांगली हाय." तो दिवस मी विसरलो नाही.

तिचा तांब्या काचेतच राहिला. दर दिवाळीला ती विचारायची, "तांब्या आणताय न्हवं?" मी म्हणायचो, शेठ सोडत नाहीत. खरं तर सोडत नव्हतो मी. बाकीचे तीन कधीच परत केले होते आणि नवे आणले होते. पण त्या एकाच्या गळ्यात जसं डोरलं बसायचं, तसं दुसऱ्याच्या बसत नव्हतं.

तीन-चार वर्षांनी शेठच्या नातवाचं बारसं झालं. आम्हा दोघांना बोलावणं होतं. जेवणं झाल्यावर शेठ स्वतः पानाचं तबक घेऊन बायकांकडं आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "नीलव्वाबाई, तुमी तवा दुकानात आला असता तर आज समोरची काच राहिली नसती. मी एवढं बोलावलं, पण ह्यानं सांगितलं, ती यायची न्हाय."

 तिनं शेठनी दिलेलं पान दोन्ही हातांनी घेतलं. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. राग असता तर बरं झालं असतं. ती माझ्याकडं असं बघत होती, जसं मोहोळची ती बाई माझ्या लाकडी गळ्यांकडं बघत होती.

घरी येताना ती दहा पावलं पुढं चालली. दारात कडी काढताना म्हणाली, "उद्या माझा तांब्या आणा."

दुसऱ्या दिवशी मी आणला. शेठना विचारलंही नाही. तिनं चिंचेनं घासला, माझ्या बोटांच्या खुणा जाईपर्यंत घासला, आणि पाणी भरून ठेवला. तीस वर्षांहून जास्त काळ त्याच तांब्यातलं पाणी मी प्यालो. माफी मागायची म्हणून कितीदा तो हातात धरला, आणि पाणी पिऊन खाली ठेवला. तिनंही तो विषय काढला नाही. बाकी सगळं बोलायची. सुना आणल्या, नातवंडं वाढवली, माझ्या दम्याला काढे केले. फक्त सराफ बाजारातून जायची वेळ आली तर पदर पुढं ओढून पलीकडच्या कडेनं जायची.

गेल्या मार्गशीर्षात ती गेली. आमच्यात माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. भिंतीला टेकवून, मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, हार घालतात आणि मग येणारा जाणारा दर्शन घेतो. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी हिरवं लुगडं नेसवलं, कुंकू भरलं, डोरलं घातलं. पण मान राहीना. एका बाजूला कलंडायची, आणि डोरलं खांद्यावर जायचं. सुनांनी दोनदा केलं, तिसऱ्यांदा थोरली म्हणाली, "मामंजी, तुमच्या हातचं काम हाय की हे. तुमी बगा."

मी जवळ गेलो. मानेमागं कापडाची घडी सारली. काळे मणी सरळ केले, दोन्ही वाट्या मधोमध आणल्या. गाठ बघितली, ती माझ्याच हातची होती, लग्नात गाठवलेली, अजून घट्ट. मग सवयीनं चार पावलं मागं सरकलो आणि बरोबर बसलंय का बघायला गुडघे मोडून तिच्या उंचीला आलो. दम्यानं मला परत उठता येईना, थोरल्या लेकानं धरून उठवलं.

बरोबर बसलं होतं. शेजारी तिचा तांब्या, वर मुंडकं, कपाळ, कुंकू, सगळं जिथल्या तिथं. दारात गल्ली लोटली होती. नळावरच्या बाया, त्यांच्या लेकी, विणकरांच्या म्हाताऱ्या. काठी टेकत कमळाबाईसुद्धा आली होती. सगळ्या म्हणत होत्या, काय तेज आहे, काय तेज आहे, आणि बघत राहिल्या होत्या.

आयुष्यात पहिल्यांदा मी तिला चार लोकांत मांडलं होतं. आणि खरं सांगतो, त्या सगळ्या तिच्याकडं बघतायत, हे मला तेव्हासुद्धा बघवलं नाही.